श्रवणयंत्र लावून धावायला निघताय? या चुका टाळा

ऐकू कमी येणाऱ्या माणसाने धावायचं ठरवलं की घरचे आधी विचारतात, "मागून गाडी आली तर?" काळजी रास्त आहे. "मशीन लावून जाईन की" हे उत्तर मात्र पुरेसं नाही.

मागचं लक्ष यंत्रावर सोडणे

बरीचशी डिजिटल श्रवणयंत्रं समोरच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून जुळवलेली असतात. गोंगाट वाढला की त्यांचे मायक्रोफोन समोरच्या दिशेवर एकवटतात आणि मागचा आवाज कमी करतात. इंजिनाची एकसुरी घरघर तर गोंगाटातच धरली जाते आणि आणखी दबते. धावताना जो आवाज सगळ्यांत जास्त हवा असतो, नेमका तोच गाळला जातो.

म्हणून ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) धावण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या. मायक्रोफोन सर्व दिशांनी ऐकणारे, गोंगाट दाबण्याची सोय कमीत कमी, वाऱ्याचा आवाज दाबण्याची सोय चालू. मग मोकळ्या मैदानात कुणाला तरी मागून सायकलची घंटी वाजवत यायला सांगा. आधी उभं राहून आणि मग धावत, घंटी किती अंतरावरून कळते ते बघा. धावताना हे अंतर कमी भरतं, कारण वारा, श्वास आणि पावलांचा आवाज मध्ये येतो.

एवढं करूनही भिस्त डोळ्यांवरच ठेवा. फूटपाथ नसेल तर वाहनं समोरून येतील अशा बाजूने धावा. खरा धोका सरळ धावताना कमी आणि खड्डा किंवा डबकं चुकवायला बाजूला सरकताना जास्त असतो. आधी खांद्यावरून मागे बघायचं, मगच सरकायचं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. एकाच कानाने ऐकू येत असेल तर हॉर्न कळतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. अशा वेळी अंदाजाने उडी मारू नका, जागीच थांबून दोन्हीकडे बघा.

हेडबँड मायक्रोफोनवर ओढणे

कानामागच्या यंत्राचे मायक्रोफोन वरच्या कडेला असतात. त्यांवर जाड पट्टी आली की खरखर सुरू होते, कधी शिट्टीही वाजते. घाम टिपणारी पट्टी कपाळावर, यंत्राला न झाकता त्याच्या वरच्या बाजूने जाईल अशी बांधा. यंत्र पडू नये म्हणून कॉलरला अडकवायची दोरी वेगळी मिळते. कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या यंत्राची) डोक्यावर चुंबकाने धरलेली बाहेरची चकती, म्हणजे कॉइल, धक्क्याने निसटते, तिथे मात्र पातळ, सैलसर पट्टी वरून घेतलेली चालते.

घामाकडे दुर्लक्ष

यंत्रावर 'आयपी ६८' हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असला तरी ती चाचणी धूळ आणि साध्या पाण्याची असते. घामातल्या मिठाची नाही.

नेहमीची तक्रार अशी: थोडं धावल्यावर यंत्र बंद पडतं आणि घरी आल्यावर आपोआप चालू होतं. यंत्रातल्या झिंक-एअर सेलला (बटणासारख्या छोट्या सेलला) चालायला हवा लागते. घामाने त्याची बारीक छिद्रं बुजली किंवा वरून घट्ट रबरी कव्हर चढवलं की सेल गुदमरतो. सेल काढून कोरड्या कापडाने पुसा. नवा घालायचा असेल तर छिद्रांवरचा स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा. तरीही आवाज नसेल तर ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब दिसतो का बघा. मोल्ड (कानात बसणारा साचा) यंत्रापासून सोडवून हातपंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासात ओल असते. रिसीव्हर (छोटा स्पीकर) कानात असलेल्या प्रकारात मळ अडवणारी जाळी बदला.

धावून आल्यावर यंत्र पुसा, सेलचं झाकण उघडं ठेवा आणि रात्रभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. हेअर ड्रायर वापरू नका.

वेग कानाने मोजणे

धाप किती लागली हे अनेक जण श्वासाच्या आवाजावरून ठरवतात. तुम्ही एक (आरामात) ते दहा (पूर्ण दमछाक) अशी मनातली मोजपट्टी वापरा. सुरुवातीला चारच्या पुढे जाऊ नका. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. धावणं-चालणं बदलायची वेळ घड्याळाच्या कंपनाने कळू द्या; ते धावताना जाणवत नसेल तर पट्टा एक भोक आवळा.

तोल गृहीत धरणे

तोल सांभाळणारी रचनाही आतल्या कानातच असते. काहींमध्ये तीही कमजोर असते आणि उणीव डोळे भरून काढतात, त्यामुळे ती उजेडात जाणवत नाही. अंधारात किंवा मान वळवताना झोक जात असेल तर दिवसाउजेडी, सपाट जागी धावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

स्पर्धेत कुणालाच न सांगणे

नाव नोंदवतानाच आयोजकांना कळवा आणि सुरुवातीची खूण हाताने किंवा झेंड्याने मागून घ्या. डेफलिंपिक्समध्ये (कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत) धावपटूंना दिव्याने सुरुवात कळते, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. तिथे स्पर्धेदरम्यान श्रवणयंत्र लावायला मात्र परवानगी नसते. त्या वाटेने जायचं असेल तर यंत्राशिवाय, वाहनं येत नाहीत अशा ट्रॅकवर सराव आतापासूनच करा.