या चुका टाळा: नवा सॅम्पल फॉरमॅट जोडला, पण पेटी बेसूर का?

परळच्या चाळीत रेकॉर्डिंगला वेळ मिळतो तो शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत. माझे मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. तीन रात्री जागून आम्ही त्यांच्या पेटीची एकेक पट्टी टिपली आणि तिची एसएफझेड फाइल लिहिली, म्हणजे कोणत्या पट्टीला कोणतं रेकॉर्डिंग कसं वाजवायचं ते सांगणारी फाइल. मग मी ज्या ओपन सोर्स सिक्वेन्सरच्या (सूर क्रमाने मांडून वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडला हातभार लावतो, त्यात एसएफझेडचा सपोर्ट लिहायला बसलो. साउंडफाँट २ हा तशाच कामाचा जुना फॉरमॅट त्यात आधीपासून चालत होता, त्यामुळे अर्धं काम झालंय असंच मी धरलं. फाइल उघडली, आवाज आला. मामांनी तार षड्ज दाबून धरला आणि लगेच मान हलवली. "सुरुवातीला बरोबर लागतो रे, पण धरून ठेवला की चढतो."

फाइल उघडली म्हणजे फॉरमॅट कळला, असं नसतं. या कामात आकडा चुकीचा वाचला जाणं तसं विरळाच. आकडा बरोबर वाचला जातो, पण त्याला अर्थ जुन्या फॉरमॅटचा लावला जातो. आणि ही चूक प्रोग्राम बंद पाडत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

लूप कुठे संपतो?

पट्टी धरून ठेवली की रेकॉर्डिंगचा जो तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो तो लूप, आणि रेकॉर्डिंगमधली एका क्षणाची नोंद म्हणजे फ्रेम. साउंडफाँट २ मध्ये लूपचा शेवट म्हणून लिहिलेला आकडा लूपच्या पुढच्या पहिल्या फ्रेमचा असतो. एसएफझेडमध्ये, आणि वेव्ह फाइलच्या एसएमपीएल चंकमध्येही (लूपची माहिती असलेल्या भागात), तो लूपमधल्या शेवटच्या फ्रेमचा असतो. ती फ्रेम वाजवायची असते. मी साउंडफाँटसाठी लिहिलेलं फंक्शन जसंच्या तसं वापरलं आणि प्रत्येक लूपमधली एक फ्रेम गळाली.

एक फ्रेम म्हणजे किती? फाइल लहान राहावी म्हणून आम्ही लहरीच्या एकेका आवर्तनाचे लूप घेतले होते. तार षड्जाचा लूप ८१ फ्रेमचा होता, तो ८० चा झाला. ८१:८० हे गुणोत्तर म्हणजे प्रमाणश्रुती, साधारण २१.५ सेंट (एका सप्तकाचे १२०० सेंट). मामांच्या कानाने नेमकी एक श्रुती पकडली होती. मंद्र सप्तकात तोच लूप ३२४ फ्रेमचा, तिथे एक फ्रेम गेली तर फरक जेमतेम ५ सेंट. मी फक्त खालच्या पट्ट्यांवर तपासलं होतं, म्हणून मला काही जाणवलं नाही. लूप लांब असेल तर सूर हलत नाही, पण प्रत्येक फेरीला बारीक 'टक्' येतो आणि दोष रेकॉर्डिंगच्या माथी मारला जातो.

यावर एकच खात्रीचा उपाय मला सापडलाय. ठरावीक फ्रेमच्या लूपची साधी साइन लहर बनवा, दहा सेकंद वाजवा, निघालेल्या आवाजाची वारंवारता मोजा आणि हीच टेस्ट प्रत्येक फॉरमॅटला लावा. सर्वांत वरच्या पट्टीवर तर हमखास लावा.

याच्याशीच जोडलेला घोळ शब्दाचा आहे. 'सॅम्पल' म्हणजे अख्खं रेकॉर्डिंगही आणि त्यातला एक आकडाही. स्टीरिओ फाइलमध्ये एका फ्रेममध्ये दोन आकडे असतात, त्यामुळे कोडमध्ये फ्रेम, आकडे आणि बाइट यांना वेगळी नावं द्या. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममुळे परिचयाचा झालेला एसएफ३ घ्या: तो साउंडफाँट २ च्याच साच्यातला, फक्त आवाज ऑग व्हॉर्बिस पद्धतीने दाबून लहान केलेला. तिथे सॅम्पलची सुरुवात आणि शेवट बाइटमध्ये मोजतात, पण लूपचे आकडे त्या सॅम्पलच्या सुरुवातीपासूनच्या फ्रेममध्ये. रकाने तेच, मोजमाप वेगळं.

वेळ आणि आवाजाची एककं

एसएफझेडमध्ये अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ, सरळ सेकंदात लिहितात. साउंडफाँटमध्ये तो टाइमसेंटमध्ये असतो: ० म्हणजे १ सेकंद, १२०० म्हणजे २ सेकंद, उणे १२००० म्हणजे सुमारे १ मिलिसेकंद. हे रूपांतर चुकलं तर ढोलकीची थाप सनईसारखी हळूहळू उगवते, म्हणजे निदान लगेच कळतं तरी. आवाज किती कमी करायचा ते साउंडफाँट सेंटिबेलमध्ये (डेसिबेलच्या दहाव्या भागात) सांगतो आणि इथे खरी खोच आहे. ईम्यू कंपनीच्या जुन्या हार्डवेअरवर सुरुवातीच्या घटीचा आकडा पूर्ण लागू होत नसे, ०.४ पटच होई. लोकांनी आपल्या बँका, म्हणजे सॅम्पलचे संच, त्याच हार्डवेअरवर कानाने जुळवल्या. म्हणून साउंडफाँट वाजवणारा फ्लुइडसिंथ आजही ०.४ ने गुणतो. स्पेसिफिकेशन शब्दशः पाळलंत तर जुन्या बँकांमधली काही वाद्यं उगाच दबून जातील. कागद वाचाच, पण दुसरा प्रस्थापित प्लेअर शेजारी चालू ठेवून दोन्हींचा आवाजही मोजा.

सप्तकाच्या आकड्याचंही तसंच. एसएफझेडमध्ये सी४ म्हणजे मिडीतली ६० क्रमांकाची पट्टी. यामाहाच्या पद्धतीत तीच पट्टी सी३. अख्खं वाद्य बरोबर एक सप्तक वर किंवा खाली वाजत असेल तर आधी हे बघा.

फाइलींची नावं

एसएफझेड ही साधी टेक्स्ट फाइल आहे. सॅम्पलच्या नावात मोकळी जागा चालते, त्यामुळे मोकळ्या जागेवर ओळ तोडणारा पार्सर (फाइल वाचणारा कोड) 'तार सा' मधला 'सा' हरवून बसतो. विंडोजवर लिहिलेल्या फाइलींमध्ये उलट्या तिरक्या रेघा असतात, त्या बदलून घ्याव्या लागतात. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज दुर्लक्षित करतं, लिनक्स करत नाही.

मराठी नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, आणि तो इंग्रजीत काम करणाऱ्याच्या वाट्याला कधी येतच नाही. आमच्या एका सॅम्पलचं नाव होतं 'दुसऱ्या सप्तकातला रे'. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, किंवा 'र' अधिक नुक्ता, ६ बाइट. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून साठवते, तर आपला कीबोर्ड बहुधा जोडलेलं अक्षर देतो. लिनक्स बाइट जुळवतं, त्यामुळे फाइल डोळ्यांसमोर असूनही 'सापडली नाही' असा निरोप येतो. आधी दिलेलं नाव जसंच्या तसं उघडून पाहा. नाहीच उघडलं तर फोल्डरमधली नावं आणि हवं असलेलं नाव दोन्ही एनएफसी या एकाच ठरावीक युनिकोड रूपात आणून जुळवा.

बाकीचं थोडक्यात

ओळखीचा नसलेला ऑपकोड (एसएफझेडमधली सूचना) दिसला म्हणून अख्खी फाइल नाकारू नका, पण गप्पही बसू नका. लॉगमध्ये एकदा नाव नोंदवा. आवाज वेळेवर पुरवणाऱ्या ऑडिओ थ्रेडमध्ये डिस्क वाचू नका, मेमरी मागू नका. २५६ फ्रेमचा बफर सेकंदाला ४८००० फ्रेमच्या दराला अवघा ५.३ मिलिसेकंद टिकतो. प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा आधीच मेमरीत ठेवून उरलेला भाग वेगळ्या थ्रेडने आणा. फाइलमधल्या लांबीच्या कुठल्याही आकड्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका, कारण बँका लोक कुठूनही उतरवून घेतात.

आणि सगळंच स्वतः लिहायलाही नको. एसएफझेडसाठी एसफिझ ही लायब्ररी बीएसडी परवान्यावर आहे, साउंडफाँटसाठी फ्लुइडसिंथ एलजीपीएलवर. लिनक्ससॅम्पलरच्या परवान्यात मात्र व्यावसायिक वापराबद्दल जादा अट आहे, ती वाचल्याशिवाय कोड जोडू नका. परवाना हा शेवटी बघायचा विषय नाही. तीन आठवड्यांचं काम परत घ्यावं लागतं तेव्हा फार जड जातं.

टेस्टसाठी शेकडो मेगाबाइटची लायब्ररी रिपॉझिटरीत टाकायची गरज नाही. मामांच्या तार षड्जाची ती ८१ फ्रेमच्या लूपची फाइल काही किलोबाइटची आहे. सीसी झीरो (सगळे हक्क सोडून देणारा परवाना) म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि आता ती टेस्टच्या फोल्डरमध्ये आहे, 'दुसऱ्या सप्तकातला रे' च्या शेजारी.