वायरवरचं प्लास्टिक चुंबकीय क्षेत्र अडवतं का? वाइंडिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची मुलं आयटीआय करून बेळगावात उद्यमबागेत कामाला लागतात. मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत तांब्याच्या वायरीचे वेढे भरण्याच्या, कामावर आलेला नवा मुलगा एक प्रश्न हमखास विचारतो : "दादा, वायरवर इन्सुलेशन आहे, मग चुंबकीय क्षेत्र बाहेर येतंच कसं?" हा प्रश्न ज्याला पडला, तो मन लावून शिकतोय असं मी समजतो.

इन्सुलेशन अडवतं ते करंटला. तांब्यातला करंट शेजारच्या वायरीत, बॉडीत किंवा आपल्या हातात जाऊ नये एवढंच त्याचं काम. चुंबकीय क्षेत्राला पीव्हीसी, इनॅमल (तांब्यावरचा वार्निशसारखा पातळ थर) आणि हवा जवळपास सारखीच. क्षेत्राची वाट बदलायची तर लोखंड लागतं, म्हणून तर स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाला, लोखंडी पत्र्यांचा कोअर असतो.

पटत नसेल तर करून बघा. 12 व्होल्टची बॅटरी घ्या आणि गाडीचा 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडा. सुमारे पावणेदोन अँपिअर करंट वाहतो. वायरचा सरळ भाग उत्तर-दक्षिण धरून होकायंत्राच्या सुईपासून एक सेंटीमीटर वर ठेवा. तिथे वायरचं क्षेत्र 35 मायक्रोटेस्ला होतं आणि पृथ्वीचं आपल्याकडे 40 च्या आसपास असतं. त्यामुळे सुई चाळीसेक अंश वळते. आता तेवढ्या भागावरचं प्लास्टिक सोला आणि तेच अंतर ठेवा. सुई तेवढीच वळेल. करंट वाहणाऱ्या वायरजवळ सुई वळते हे डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेडने 1820 मध्ये पाहिलं. घरच्या 230 व्होल्टवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. 50 हर्ट्झच्या एसीवर सुई वळतही नाही.

मग इन्सुलेशनचा क्षेत्राशी काहीच संबंध नाही? आहे, आणि वाइंडिंगवाल्याने तो नीट समजून घ्यावा. बोअरमध्ये सोडायच्या, आतून पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत जाड प्लास्टिकचं आवरण असलेली वायर असते, उसाच्या चरकाच्या मोटारीत पातळ इनॅमलची. दोन्हींत क्षेत्र ठरतं ते वेढे आणि करंट यांवर. पण इनॅमल खरवडलं आणि दोन वेढे एकमेकांना चिकटले, की मधले वेढे कामातून जातात. त्यांचा बंद फेरा तयार होतो, बाकीच्या वाइंडिंगचं बदलतं क्षेत्र त्या फेऱ्यात भरमसाट करंट काढतं आणि कॉइल तिथेच काळी पडते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) हे सांगत नाही. तो वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासतो, वेढ्या-वेढ्यांमधलं नाही. मेगर चांगला आला म्हणून मोटार पास करू नका, तिन्ही फेजचा करंटही मोजा. म्हणूनच स्लॉटमध्ये, म्हणजे कोअरच्या खाचेत, वायर बसवताना तिला धारेवर घासू न देणं हे मला सगळ्यात मोलाचं कौशल्य वाटतं. वेग मागाहून येतो.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावायचं मीटर, इन्सुलेशनवरूनच करंट मोजतो, कारण तो क्षेत्र पकडतो. पण अख्खी केबल जबड्यात घेतली तर शून्य दिसतं. फेज आणि न्यूट्रलचे करंट उलट दिशेचे, त्यामुळे त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. करंट मोजायचा तर एकच वायर जबड्यात घ्या. सबमर्सिबलच्या तिन्ही फेज मुद्दाम एकत्र धरल्या आणि लीकेज मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर शून्य आलं नाही, तर करंट कुठेतरी जमिनीत मुरतोय. मोटार वर काढायच्या आधी केबलचे जोड तपासा.