निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने: दिवस कसा बसवायचा

निरोप समारंभाची शाल कपाटात जाते, श्रीफळाच्या वड्या होतात, आणि पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता माणूस बिनआंघोळीचा तोच पेपर दुसऱ्यांदा वाचत बसलेला असतो. पहिले तीन-चार आठवडे ही मजा असते आणि ती खुशाल करावी. कुरकुर सुरू होते ती दुसऱ्या महिन्यात. नोकरी पगाराशिवाय आणखी चार गोष्टी न मागता देत असते: घड्याळाचा धाक, पायांना चाल, चार माणसांशी बोलणं आणि 'हे माझ्याशिवाय अडेल' असं एखादं काम. चारही एकाच संध्याकाळी थांबतात. त्या परत एकेक करून बसवाव्या लागतात. सगळं एकदम सुरू केलं, तर पंधरवड्यात सगळंच सुटतं.

आधी वेळ. दिवसात तीनच खुंट्या ठोका: उठण्याची, घराबाहेर पडण्याची आणि दुपारच्या जेवणाची. उठायला नोकरीत असतानापेक्षा फार तर अर्धा तास उशीर चालेल. आंघोळ नऊच्या आत. जेवणाची खुंटी सगळ्यात महत्त्वाची, कारण इतकी वर्षं ती डब्याने धरून ठेवलेली असते. डबा गेला की जेवण दोन-अडीचवर घसरतं, मग झोप पाचपर्यंत आणि रात्री एक वाजता डोळे टक्क उघडे. 'वयामुळे झोप येत नाही' म्हणून झोपेच्या गोळीची चौकशी सुरू होते, पण दोष बऱ्याचदा दुपारचा असतो. वामकुक्षी घ्या, पण तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं, गजर लावून, आणि शक्यतो आरामखुर्चीत. पलंगावर पाठ टेकली की गजर बंद करून माणूस कूस बदलतो. घरी असल्यावर चहाही वाढतो. कपात एक चमचा साखर धरली, तरी पाच चहांचे पाच चमचे होतात. तीन कप पुरेत, शेवटचा चारच्या सुमारास.

आता पाय. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. पहिल्याच आठवड्यात तास-दीड तास चालू नका. गुडघा किंवा टाच धरते आणि पुढचे तीन आठवडे घरी जातात. चपला घालून तर चालूच नका.

पण नुसतं चालून भागत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. साठीनंतर मांड्यांचं बळ आणि शरीराचा तोल कमी होत जातो. चालण्याने दम टिकतो, पण बळासाठी आणि तोलासाठी वेगळा व्यायाम लागतो. त्याला साहित्य म्हणजे एक खुर्ची आणि स्वयंपाकघरातला ओटा.

खुर्ची बिनचाकांची, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीशी घडी करून उठा आणि बसा. बसताना धपकन नको, मनात तीन आकडे मोजत खाली या. आठ-दहा वेळा झालं की दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि जमेल तशी काढा. ओट्याशी उभं राहून एका हाताची बोटं टेकवा आणि एक पाय उचला. दहा सेकंदांपासून सुरुवात, महिन्याभरात तीसपर्यंत, दोन्ही पायांवर. नंतर फरशीच्या सांध्यावरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत भिंतीजवळून दहा पावलं चाला. डोळे मिटून करायची हौस नको.

दोन सावधगिरी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सकाळी झटकन उठू नका. पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसा. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर अनशापोटी फिरायला जायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. छातीत दडपण आलं तर तो प्रकार वेगळा. तिथे चालणं थांबवून थेट दवाखाना.

घर हा अवघड भाग. बायकोचा दिवस इतकी वर्षं तुम्ही बाहेर असताना लागलेला असतो. दुपारची तासभर शांतता, शेजारणीशी गप्पा, रेडिओ. तिथे एक माणूस दहा ते सहा येऊन बसतो, वर 'डाळीला इतका गॅस कशाला?' असं विचारतो. हाताखालची माणसं गेली की तपासणीची सवय घराकडे वळते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची जागा बदलू नका. 'मदत' करू नका. मदत म्हणजे काम सांगायचं डोकं तिचंच राहतं. त्याऐवजी एक काम मुळापासून उचला. समजा दूध: आणणं, तापवणं, उतू गेलं तर ओटा पुसणं, विरजण लावणं, पातेलं घासायला टाकणं, संपत आलंय हे आधी ओळखणं. सगळं. महिनाभर एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही, तर दुसरं काम घ्या. आणि रोज दोन-अडीच तास घराबाहेर असाच. तेवढा वेळ घर तिचं.

निवृत्त होणारी बाई असेल तर गणित उलटं. शिक्षिका किंवा परिचारिका घरी बसली की आठवड्याभरात कोणीतरी म्हणतंच, 'आता पोळ्यांच्या बाई कशाला?' एक नोकरी सुटते आणि दुसरीचे तास वाढतात. सहा महिने कामवाली आणि पोळ्यांच्या बाई बंद करायच्या नाहीत, हे निवृत्तीच्या आधीच घरात ठरवून टाका. नातवंडांचंही तसंच: कोणते दिवस, किती ते किती, हे मुलाशी-सुनेशी, लेकीशी-जावयाशी बोलून ठरवा. 'जमेल तसं बघू' याचा अर्थ रोज असा होतो.

माणसं. कार्यालयातले फोन हळूहळू आटतात. त्यात अपमान नाही, तिथली कामं बदललेली असतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटणारी दोन ठिकाणं हवीत: ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालय, सोसायटीचे हिशेब, काहीही. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताची फुलं यात धरू नका. एसटीत 65 पूर्ण झाल्यावर अर्धं तिकीट आणि 75 नंतर मोफत प्रवास आहे, तेव्हा एक ठिकाण जरा लांबचं असलं तरी बिघडत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. सहा महिने मोठा निर्णय नाही: मुलाच्या फ्लॅटला रक्कम नाही, भाच्याच्या धंद्यात भागीदारी नाही. मात्र 55 ते 60 या वयात निवृत्त झाला असाल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांचीच मुदत असते. मर्यादा 30 लाख, व्याज तिमाही. पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये विसरू नये.

एवढं करूनही सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, भूक मेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर तो आळस नव्हे. डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. 'मला काही झालेलं नाही' असं घरातला माणूस म्हणाला, तर वाद न घालता रक्त तपासून घेऊ म्हणा: थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन. या तिन्हींतलं काही बिघडलं तरी अशीच मरगळ येते, आणि रक्त तपासायला जायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.