जुन्या वळणाचे ठसठशीत अक्षर: टंक घडवू पाहणाऱ्यांसाठी

मथळ्यांसाठी जाड, नक्षीदार आणि जुन्या हाताचे वाटणारे देवनागरी टंक (फॉन्ट) करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा थेट संगणकावर बसतात आणि कडा खडबडीत केल्या की अक्षर जुने दिसेल, असे मानतात. मला हे पटत नाही. देवनागरीचा बोरू, म्हणजे कापून केलेली लेखणी, रोमन लिपीच्या टाकाच्या उलट दिशेने तिरका कापतात, त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी रेघ जाड आणि तिला छेदणारी बारीक उमटते. हे वळण सोडून नुसती जाडी वाढवली, तर कितीही नक्षी चढवली तरी अक्षर परकेच वाटते.

खान्देशात राहून हे शिकता येते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातील आणि राजवाडे संशोधन मंडळातील जुनी हस्तलिखिते रीतसर परवानगी घेऊन पाहावीत व त्यांतील एकेक अक्षर मोठे करून बोरूने गिरवावे. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणारे पेंटर कमी झाले आहेत. जे आहेत, त्यांचा ब्रश कोठे दाबला जातो आणि कोठे उचलला जातो, हे शेजारी उभे राहून पाहिलेले पुष्कळ उपयोगी पडते.

जाडी वाढू लागली की अक्षराच्या पोटातील पोकळी बुजते, आणि बहुतेक नवोदित येथेच अडतात. शिरोरेषा उभ्या दंडाइतकीच जाड ठेवल्यास सारी ओळ वरून जड होते, म्हणून ती किंचित बारीक करावी. ‘ष’, ‘भ’, ‘क्ष’ यांत मात्र प्रत्येक रेघेची जाडी वेगळी ठरवावी लागते. एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या ‘मोदक’ टंकात पोकळ्या केसाएवढ्या रेघांवर आणल्या आहेत, तरी अक्षरे वाचता येतात. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला ‘यात्रा वन’ही अवश्य अभ्यासावा. दोन्ही मुक्त परवान्यावर मिळतात.

तपासणीसाठी मी आपल्याच गावांची नावे वापरतो. ‘अक्कलकुवा’मध्ये जोडलेल्या ‘क’चे पोट बुजते का ते कळते, ‘दोंडाईचा’मध्ये मात्रा आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात, तर ‘धुळे’ व ‘अमळनेर’ यांतून ‘ळ’ची रुंदी ठरते. ‘दुसऱ्या’ आणि ‘शेतकऱ्यांना’ हे शब्दही लिहून पाहावेत, कारण मराठीला लागणारा हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ अनेक हौशी टंकांत राहूनच गेलेला असतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, तीही आठवणीने ठेवावीत.

कमाईची घाई करू नये. जोडाक्षरांसह पूर्ण टंक होण्यास बराच काळ जातो, तोवर मुखपृष्ठे, लग्नपत्रिका व दुकानांची नावे यांसाठी सुटी अक्षरे रेखाटून खर्च भागवावा आणि अशी कामे घेताना ग्राहकाला केवळ त्या नावाचे चित्र दिले आहे की टंकाची फाईलही वापरायला दिली आहे, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.