आखूड नळीची जुनी बंदूक घेण्याआधी : अमेरिकेतल्या कायद्याची तयारी

‘१८९८च्या आधीची, कागदपत्रं लागत नाहीत’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. पूर्ण लांबीच्या बंदुकीला केंद्रीय कायद्यापुरतं ते खरं आहे. नळी आखूड निघाली की मात्र दुसरा कायदा दारात उभा राहतो. अमेरिकेत ‘अँटिक’च्या व्याख्या दोन आहेत. १९६८चा गन कंट्रोल ॲक्ट बंदूक १८९८ साली किंवा त्याआधी बनली एवढंच पाहतो. १९३४चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, बोलण्यात एनएफए, आखूड नळीच्या बंदुकीची नोंदणी मागतो, आणि अँटिक ठरवताना वयाबरोबर काडतूसही तपासतो. पहिलं उत्तर मिळालं की लोक दुसरा प्रश्न विचारतच नाहीत, आणि घोळ नेमका तिथे होतो.

पैशांचं बोलण्याआधी माप घ्या. बंदूक रिकामी आहे याची खात्री आधी. ठासणीची असेल तर गज आत सोडून पाहा, कारण माळ्यावरून उतरलेल्या अशा बंदुका ठासलेल्या निघतात. काडतुसाच्या बंदुकीचा बोल्ट किंवा ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, बंद करा, तोंडातून लाकडी काठी पार मागे टेकेपर्यंत सरकवा, नळीच्या तोंडाशी पेन्सिलची खूण करा आणि काठी बाहेर काढून मोजा. नुसती बाहेर दिसणारी नळी मोजली तर आतला भाग सुटतो आणि माप कमी भरतं. रायफलला किमान १६ इंच, छऱ्याच्या बंदुकीला १८, आणि दस्त्यासकट एकूण लांबी दोन्हींना २६ इंच. यातलं एक माप जरी कमी भरलं तरी पुढचं सगळं वाचावं लागेल.

मग नळी कारखान्यातूनच आखूड आली की नंतर कापली, हे ओळखा. दुनळीत ते लगेच दिसतं. दोन्ही नळ्या तोंडाकडे जवळ येत एकमेकींना टेकतात. मधूनच कापल्या की तोंडाशी दोघींमध्ये फट राहते, कधी ती डाखाने बुजवलेली असते, आणि चोक, म्हणजे तोंडाशी असलेला नळीचा अरुंदपणा, तोही गेलेला असतो. कापणी १८९० सालची असली तरी सूट मिळत नाही. कायदा आज ती कोणाच्या ताब्यात आहे ते पाहतो. दुनळीवरच्या ‘वेल्स फार्गो’च्या शिक्क्याने तर अजिबात भुलू नका, तसले खोटे शिक्के ढिगाने आहेत.

आता काडतूस. तोड्याची, चकमकीची किंवा केपाची ठासणीची बंदूक असेल तर एनएफए तिची नळी मोजत नाही. १८९८पर्यंतची पिनफायरही (काडतुसाच्या बाजूला पिन असलेली) सुटते, कारण ती रिमफायर (घाव काडतुसाच्या कडेवर) नाही आणि सेंटरफायरही (घाव मधोमध) नाही. पण १८९५ साली बनलेली विंचेस्टरची ‘मॉडेल १८९२’ रायफल, .४४-४० काडतुसाची, नळी १४ इंच, ही पहिल्या कायद्यात अँटिक असूनही दुसऱ्यात आखूड नळीची रायफल ठरते, कारण .४४-४०ची काडतुसं आजही दुकानात मिळतात. .३०-३०, .४५-७० आणि १२ बोअर या काडतुसांचंही तेच. सूट हवी तर बंदूक १८९८पर्यंतची हवी, तिचं काडतूस अमेरिकेत बनणं बंद झालेलं हवं आणि नेहमीच्या बाजारात ते सहज मिळायलाही नको. व्हेटर्ली या जुन्या स्विस रायफलचं .४१ रिमफायर काडतूस हे नेहमीचं उदाहरण. मात्र बऱ्याच व्हेटर्ली पुढे सेंटरफायर करून घेतलेल्या आहेत, म्हणून फायरिंग पिन कुठे बसते ते स्वतः पाहा. जुन्या फ्रेंच लष्करी बंदुकांपासून केलेल्या ‘झुलू’ दिसायला म्युझियमच्या, पण खातात १२ बोअर.

सालाचा पुरावा बंदुकीवर कोरलेल्या नंबरावरून घ्या, विक्रेत्याच्या शब्दावरून नको. विंचेस्टरच्या बाबतीत छापील तक्ते आणि कारखान्याच्या नोंदी यांत फरक पडतो. १८९८च्या आसपासचा नंबर असेल तर वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमचं पत्र मागवा. त्यात मूळ नळीची लांबी नोंदलेली असेल तर ते पत्र सोन्याच्या मोलाचं, कारण कारखान्यातूनच आखूड आलेल्या ‘ट्रॅपर’ कार्बाइनपैकी अनेक एटीएफने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या केंद्रीय खात्याने, एनएफएतून वगळल्या आहेत. वगळलेल्यांच्या यादीत आपली बंदूक कशी बसते ते शब्दन् शब्द वाचा. काही नोंदी एकेका नंबरापुरत्याच आहेत. मागाहून कापलेल्या नळीला हा रस्ता नाही. शंका उरली तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या एटीएफच्या तांत्रिक विभागाकडून लेखी उत्तर घ्या, आणि तोवर बंदूक विक्रेत्याकडेच राहू द्या.

बंदूक एनएफएत बसत असेल तर विक्रेत्याकडे आधीपासूनची नोंदणी हवी. मग फॉर्म ४ (बंदूक तुमच्या नावावर करण्याचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, आणि मंजुरी आल्यावरच ताबा. २०० डॉलरचा कर आखूड रायफल आणि आखूड छऱ्याच्या बंदुकीसाठी १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आला, पण नोंदणी कायम आहे. कर गेला म्हणजे कागद गेले, अशी समजूत सध्या फार फिरते. बिननोंदणीची बंदूक ‘घेतो, मग नोंदवतो’ असं चालत नाही. तशी मुभा १९६८च्या नोव्हेंबरात एकदाच महिनाभर मिळाली होती. शिक्षा १० वर्षांपर्यंत, शिवाय बंदूक जप्त. मृताच्या सामानातून निघालेली असेल तर नोंदणीचा जुना कागद शोधायला सांगा. तो सापडला तर वारसाच्या नावावर ती फॉर्म ५ने कर न भरता जाते. नाहीच सापडला तर हातही न लावता वकील गाठा. आणि केंद्राचा कागद हातात असला तरी राज्याचा कायदा वेगळा वाचा, कारण काही राज्यांत नोंदणी असूनही आखूड नळी ठेवता येत नाही.