अंगठा लागत नाही? बोट पुसण्याआधी आकडा वाचा

नोव्हेंबर म्हणजे आमच्या सेवा केंद्रात हयातीच्या दाखल्यांचा महिना. शटर वर करायच्या आत पायरीवर पाच-सात पेन्शनर बसलेले असतात. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत आधार, पासबुक आणि घडी घालून घालून फाटत आलेला पेन्शनचा कागद. २०१४च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, सुरू झालं आणि त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांसमोर उभं राहायची सक्ती उरली नाही. केंद्रातल्या थंब मशीनवर बोट ठेवायचं की झालं. म्हणजे, व्हायला हवं.

एका सकाळी एक आजी आल्या. बोट ठेवलं, मशीनचा दिवा लागला, पडद्यावर ठसा उमटला आणि वर लाल अक्षरांत ‘फेल’. पदराला बोट पुसलं, पुन्हा फेल. मी काच पुसली, फेल. दुसरा हात, फेल. आठव्यांदा आजी वैतागून म्हणाल्या, “अगं, मी जिवंत आहे, तुझं मशीनच मेलंय.” रांगेतले सगळे हसले. मीही हसले, पण पोटात गोळा आला होता, कारण मागच्या बाबांचंही तसंच झालं होतं आणि त्यांच्या मागच्यांचंही.

मशीन मेलं नव्हतं. त्या ‘फेल’च्या शेजारी बारीक अक्षरांत ५६२ असा आकडा पहिल्यापासून दिसत होता आणि मी तो आठही वेळा वाचला नव्हता. ५६२ म्हणजे तुमच्याकडून आलेल्या विनंतीवरची वेळ भविष्यातली आहे. आमच्या जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल, तो घड्याळात असतो तसा पण रुपयाएवढा, सीआर २०३२ नावाचा, संपला होता. आदल्या रात्री वीज गेली आणि घड्याळ कुठल्या कुठे गेलं. सकाळी पोराने तारीख-वेळ हाताने लावून दिली. तारीख बरोबर, दहा वाजून दहा मिनिटंही बरोबर, फक्त सकाळच्या जागी रात्र. म्हणजे आमचं केंद्र बारा तास पुढे पळत होतं. वेबसाइट उघडत होत्या, नेट चालू होतं, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. वेळ दुरुस्त केली आणि आजींचं बोट पहिल्या झटक्यात लागलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: दुसऱ्यांदा बोट ठेवायला सांगण्याआधी आकडा वाचायचा. आपल्याकडे ‘अंगठा लागत नाही’ हे एकच वाक्य सगळ्या रोगांना लावलं जातं. मशीनची वायर सैल असली तरी अंगठा लागत नाही, ब्राउझर अडला तरी अंगठा लागत नाही, आधारच लॉक असलं तरी अंगठाच लागत नाही. आणि शिक्षा दर वेळी बोटाला.

गाडी कुठे अडली ते आधी ओळखा

बोट काचेवर ठेवल्यापासून ‘यशस्वी’ दिसेपर्यंत बरेच टप्पे असतात. मशीन ठसा टिपतं. आरडी सर्व्हिस, म्हणजे त्या मशीनसोबत आलेलं छोटं सॉफ्टवेअर, तो कुलूपबंद करून त्यावर सही-शिक्का मारतं. ब्राउझरमधलं पान तो गठ्ठा त्या सॉफ्टवेअरकडून उचलतं आणि पुढे पाठवतं. शेवटी यूआयडीएआयचा, म्हणजे आधार चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा, सर्व्हर नोंदीशी ताडून हो किंवा नाही सांगतो. आकड्यावरून टप्पा कळतो. सातशेच्या घरातला आकडा असेल तर तक्रार तुमच्या टेबलावरचीच आहे, ठसा अजून बाहेर गेलेलाच नाही. ३००, ३३०, ५६१, ५६२, ८११ असलं काही असेल तर ठसा वरपर्यंत पोचला आणि तिथून नकार आला. पहिल्या प्रकारात बोट पुसून काही होत नाही. दुसऱ्यातही फक्त ३००लाच होतं.

काही पोर्टल आकडा दाखवतच नाहीत, नुसतं ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. अशा वेळी ज्यांचं आधार आहे त्यांनी मायआधार या आधारच्या वेबसाइटवर ओटीपीने लॉगिन करून ऑथेंटिकेशन हिस्ट्री काढायची. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे तपासलं गेलं ते तिथे दिसतं, फसलेल्या खेपेपुढे आकडाही असतो. आणि आजची खेप तिथे दिसतच नसेल, तर ठसा तुमच्या कॉम्प्युटरमधून निघालाच नाही असं समजा. ही तपासणी फार कमी जण करतात.

टेबलावरच्या चुका

७२० म्हणजे मशीन तयार नाही. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबीला मशीन लावलेलं असतं, किंवा चार तोंडांच्या हबला, ज्यावर प्रिंटर, माउस आणि कोणाचातरी मोबाइलही चार्ज होतोय. मशीन सरळ मागच्या पोर्टला लावा. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज बंद पडत असेल तर विंडोज वीज वाचवायला तो पोर्ट झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिकमार्क काढून टाका.

७१० म्हणजे मशीन दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलंय. एका टॅबमध्ये बँकेचं पोर्टल, दुसऱ्यात जीवन प्रमाण, असं करू नका. ७०० म्हणजे वेळ संपली. ही मात्र आपली चूक: आधी कॅप्चर दाबायचं आणि मग “आजी, बोट ठेवा” म्हणायचं. आजींना खुर्ची पुढे ओढायला, पिशवी खाली ठेवायला वेळ लागतो. बोट काचेजवळ आल्यावरच बटण दाबा.

सगळ्यात चकवणारी भानगड दोन आरडी सर्व्हिसांची. जुनं मशीन बदललं, नवीन दुसऱ्या कंपनीचं आणलं, पण जुन्याचं सॉफ्टवेअर काढलंच नाही. ही सॉफ्टवेअरं कॉम्प्युटरच्या आतल्या आत, १२७.०.०.१ या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर (हा यूएसबीचा नव्हे, सॉफ्टवेअरचं नंबर असलेलं दार) बसून वाट बघत असतात. पान शोधायला निघालं की पहिल्या दारात जुनं भेटतं आणि ते सांगतं, मशीन जोडलेलं नाही. तुम्ही नवीन मशीनकडे बघताय, त्याचा दिवा लागलाय, आणि पडदा म्हणतोय मशीनच नाही! जुनं अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

ब्राउझरचा अडथळाही इथेच मोडतो. २०२५च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या क्रोम १४२पासून एखाद्या वेबसाइटला तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या किंवा नेटवर्कवरच्या उपकरणाशी बोलायचं असेल तर क्रोम आधी विचारतो. ती चौकट दिसली की आपला हात सवयीने ‘ब्लॉक’वर जातो, नोटिफिकेशनच्या चौकटींनी तशी सवयच लावलीय. एकदा ब्लॉक केलं की पुन्हा विचारत नाही आणि मशीन सापडेनासं होतं. अॅड्रेस बारच्या डाव्या टोकाला क्लिक करून त्या साइटच्या परवानग्या उघडा आणि तिथे ‘अलाऊ’ करा. हे फक्त तुमच्या ओळखीच्या सरकारी किंवा बँकेच्या पोर्टलसाठीच करायचं, हे सांगायला नको. कधी कधी अँटिव्हायरसही हाच उद्योग करतो. त्याला पूर्ण बंद करू नका, आरडी सर्व्हिसला अपवादाच्या यादीत टाका.

मशीनचं स्वतःचंही वय असतं. आरडी सर्व्हिसची मुदत विकत घेतलेली असते. ती संपली की दिवा लागतो, पण पुढे काही होत नाही. बिल काढून तारीख बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. सेकंडहँड मशीन घेताना तर ही तारीख आणि दुसरी एक गोष्ट विचाराच, की मशीन एल-झिरो आहे का एल-वन. एल-झिरोमध्ये ठशावरची सही कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं, एल-वनमध्ये ती मशीनच्या आतल्या चिपमध्येच होते, म्हणून मधल्या मध्ये ठसा बदलणं अवघड जातं. आता एल-वनच लागतं. स्वस्तात मिळतंय म्हणून एल-झिरो उचललं तर ते शोभेचं.

बोटाच्या बाबतीतल्या चुका

आता ३००. म्हणजे ठसा नोंदीशी जुळला नाही. इथे खरंच बोटाकडे बघायचं.

‘थंब मशीन’ या नावानेच अर्धा घोटाळा केलाय. मशीनला अंगठाच हवा असं कुठेही नाही. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते आणि त्यातलं कुठलंही चालतं. ज्यांचं आयुष्य विळा, खुरपं, ऊसतोडीचा कोयता धरण्यात गेलं त्यांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा घासून गेलेल्या असतात. माझा अनुभव असा, की उजव्या हाताने काम करणाऱ्यांची डाव्या हाताची मधली दोन बोटं सगळ्यात चांगली राहिलेली असतात. मी हल्ली तिथूनच सुरुवात करते.

दुसरी गोष्ट, शाईची सवय. जुन्या माणसांनी आयुष्यभर शाईच्या पॅडवर अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून उठवलाय. काचेवरही ते तसाच फिरवतात. मशीनला बोट स्थिर लागतं. काही जण नुसतं टोक टेकवतात, दाराची बेल वाजवल्यासारखं. मशीनला हवा असतो बोटाच्या पेराच्या मधला भोवरा. मी त्यांचा हात हातात धरून बोट आडवं, सपाट ठेवून देते आणि सांगते, “बाबा, जोर नको, नुसतं टेकवा.” जोराने दाबलं की रेषा चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात.

थंडीत बोटं कोरडी पडतात. कोरड्या रेषा काचेला नीट चिकटत नाहीत, ठसा तुटक येतो. यावर थुंकी, पाणी, खोबरेल, सगळे प्रयोग बघून झालेत. पाण्याने आणि तेलाने उलट रेषांमधल्या फटी भरतात आणि काचेवर जो डाग राहतो तो पुढच्या चार जणांना नडतो. बोट स्वतःच्या कपाळावर किंवा नाकाच्या बाजूला एकदा फिरवायचं, तेवढा तेलकटपणा पुरतो. काच मऊ सुती कापडाने पुसायची; पदर, रुमाल, कागद नको. आणि सकाळचं ऊन दारातून थेट काचेवर येत असेल तर मशीन सरकवा. ही मशीनं प्रकाशावरच ठसा टिपतात, उन्हात त्यांचे डोळे दिपतात. आमच्या टेबलाची दिशा मी याच कारणाने बदलली.

फेब्रुवारी २०२३मध्ये यूआयडीएआयने ठशाच्या बारकाव्यांसोबत बोटाचं पूर्ण चित्रही तपासायला सुरुवात केली, बोट जिवंत आहे का नकली हे ओळखण्यासाठी. त्यामुळे बोटावर पट्टी, फेविक्विक, रंगाचा थर असेल तर रेषा जुळूनही नकार येऊ शकतो. रंगकाम करणाऱ्या दादांना मी सरळ सांगते, आधी हात धुऊन या, चहा पिऊन या, मग बघू.

बोटाचा काही दोष नसतो तेव्हा

३३० आला तर थांबा. त्या माणसाने, किंवा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतल्या मुलाने, फसवणुकीच्या बातम्या वाचून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं आणि आई-वडिलांना सांगितलेलं नसतं. मुलाला फोन लावा. मायआधार किंवा एमआधार अॅपवरून ते तात्पुरतं उघडता येतं, त्याला नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो.

८११ म्हणजे नोंदीत ठसेच नाहीत. हा लहान मुलांच्या बाबतीत येतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारात बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात, ते पाच पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षानंतर द्यावे लागतात. आधार नोंदणी केंद्रात जाण्यावाचून उपाय नाही.

५६१ हा ५६२चा भाऊ: विनंती जुनी झाली, म्हणजे घड्याळ मागे आहे. सेल बदला आणि विंडोजला वेळ आपोआप लावायला सांगा. दुकानातला सर्वात स्वस्त इलाज हाच.

पैशांच्या व्यवहारातली चूक

आधारवर पैसे काढताना ‘फेल’ आलं की लगेच दुसऱ्यांदा बोट घ्यायचं नाही. दाखल्याच्या बाबतीत फार तर वेळ जाईल, इथे प्रत्येक बोट हा वेगळा व्यवहार असतो. खात्यातून रक्कम गेली आणि निरोप मधेच हरवला, असं होतं. आधी मिनी स्टेटमेंट काढा किंवा बॅलन्स बघा. गेली असेल तर रोख देऊ नका, पुन्हा बोटही घेऊ नका. व्यवहाराची पावती ग्राहकाच्या हातात द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे अशी अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे ग्राहकाला तोंडी न सांगता पावतीच्या मागे लिहून द्या, कारण बँकेच्या काउंटरवर ते दाखवायला लागतं.

एवढं करूनही काहींची बोटं लागतच नाहीत. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. तीस-पस्तीस वर्षं खडू धरून बोटं गुळगुळीत झालीत, दहाही बोटांना ३००. गेली दोन वर्षं मी त्यांच्यासाठी मशीन काढतच नाही. मोबाइलवर जीवन प्रमाणचं अॅप आणि त्याच्यासोबत लागणारं, चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी उघडते, त्यांना पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची देते आणि चष्मा काढायला लावते. अॅप पापणी मिटायला सांगतं. गुरुजी पहिल्या वेळी डोळे घट्ट मिटून बसून राहिले, शाळेतल्या प्रार्थनेला बसावं तसे. “गुरुजी, मिटा आणि उघडा,” म्हटलं तेव्हा डोळे उघडले, आणि टिंग करून हिरवी खूण आली.