क्लोनिंगआधी: एक्सबा-वनच्या पलीकडची दोन अक्षरं

पीयूसी१९ या प्लाझ्मिडमध्ये (जीवाणूत राहणाऱ्या छोट्या गोल डीएनएमध्ये) जनुक घालायचं, म्हणजे क्लोनिंग करायचं असेल तर फ्रीझर उघडण्याआधी कागदावरचं काम संपवा. इन्सर्टच्या, म्हणजे घालायच्या तुकड्याच्या, आत निवडलेल्या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची साइट (ते जिथे कापतं ती अक्षरं) नाही ना, हे सगळेच बघतात. पण एक्सबा-वन हे एन्झाइम घेणार असाल तर टीसीटीएजीए या त्याच्या साइटच्या सहा अक्षरांवर थांबू नका, पुढची दोन वाचा. तिथे टीसी आलं की जीएटीसी तयार होतं. डीएच५अल्फा या ई. कोलाय स्ट्रेनमधलं डॅम मिथायलेज हे एन्झाइम त्यातल्या ए वर मिथाइल गट बसवतं आणि मग एक्सबा-वन तिथे कापत नाही. एन्झाइम वाढवा, रात्रभर ठेवा, उपयोग नाही.

फसायला होतं ते यामुळे की पीसीआरने नळीत बनवलेल्या डीएनएवर मिथाइल नसतं. पहिलं डायजेशन छान होतं, लायगेशनही (तुकडा जोडणंही) होतं. मिनीप्रेप (कॉलनीतून काढलेलं प्लाझ्मिड) कापायला घेतला की इन्सर्ट सुटत नाही, आणि चांगल्या कॉलन्या फेकल्या जातात. माझ्या गेल्या. म्हणून दोन्ही प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) ५ प्राइम टोकाकडून वाचा, फॉरवर्ड आणि रिव्हर्सही. साइटनंतर टीसी असेल तर मध्ये एखादं अक्षर घाला; फ्यूजन (दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं) प्रथिन असेल तर फ्रेम, म्हणजे तीन-तीन अक्षरांचं वाचन, सांभाळून. प्लाझ्मिड आधीच तयार असेल तर ते जेएम११० सारख्या डॅम नसलेल्या स्ट्रेनमधून काढा. बॅम-एच-वनच्या साइटमध्येही जीएटीसी आहे, पण ते मिथाइलला जुमानत नाही; त्यावरून एक्सबा-वनबद्दल अंदाज बांधू नका. प्रायमरची ऑर्डर देण्याआधी ती दोन अक्षरं पुन्हा वाचा.

प्रायमरच्या टोकाला साइटआधी सहा जादा अक्षरं ठेवा, टोकाला चिकटलेली साइट एन्झाइमला नीट पकडता येत नाही. याच कारणाने पीयूसी१९ मध्ये ईको-आर-वन आणि सॅक-वन ही जोडी टाळा; त्या साइट एकमेकींना खेटून आहेत, एक कापली की दुसरीला टोक उरत नाही. स्मा-वन २५ अंशांवर, बाकीची बहुतेक ३७ वर. एन्झाइम एकूण आकारमानाच्या दहाव्या भागाहून जास्त नको, ग्लिसरॉल वाढला की ईको-आर-वन भलतीकडे कापतं.

जेल कापताना यूव्ही कमीत कमी. बॅम-एच-वन तापवून मरत नाही, डीएनए शुद्ध करायच्या कॉलममधून काढा. लायगेझचा (जोडणाऱ्या एन्झाइमचा) बफर छोट्या भागांत गोठवा, सारखा वितळवला तर एटीपी जातं. व्हेक्टर (कापलेलं प्लाझ्मिड) एक, इन्सर्ट तीन, हे रेणूंचं प्रमाण. लायगेझ न घातलेल्या कापलेल्या व्हेक्टरची एक प्लेट हवीच. प्लेटमध्ये अँपिसिलिन, एक्स-गॅल, आयपीटीजी. पांढऱ्या (इन्सर्ट असलेल्या) कॉलन्या उचला, मोठ्या कॉलनीभोवतीच्या बारीक सोडून द्या.